देव्हाऱ्यातला डबा

आमच्या घरातला राऊटर बरीच वर्षं देव्हाऱ्यात होता. असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यांच्या घरी तो टीव्हीच्या कपाटावर असतो आणि तो बंद-चालू करायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

तो तिथे गेला त्याला काही मोठं कारण नव्हतं. पोशीरला घर बांधलं तेव्हा माझ्या नवऱ्याने मधल्या खोलीत एकच प्लग काढून घेतला, तोही देवाच्या लाल बल्बसाठी. लॉकडाउनमध्ये केबलवाला वायर घेऊन आला, त्याला पुढच्या तीन घरांची घाई होती. नवरा म्हणाला, देवाच्या वर फळी आहे, तिथेच ठेवून टाक. त्याने ठेवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, उलट त्यांना ते आवडलं. घरात नवी वस्तू आली की ती आधी देवापुढे ठेवायची ही त्यांची रीत, आणि ही वस्तू तर आयतीच तिथे जाऊन बसली होती. त्या दसऱ्याला विळा, कोयता, नवऱ्याची मोटारसायकल आणि माझा लॅपटॉप यांच्याबरोबर राऊटरलाही हळदकुंकू लागलं. फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि झेंडूने पाणीही शिंपडलं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. मी फोटोसुद्धा काढला होता.

आता पुढचं सांगताना आमच्याकडच्या बायका आवाज खाली करतात. मी करणार नाही. महिन्यातले चार दिवस मला देव्हाऱ्याजवळ जायची बंदी होती. कावळा शिवला म्हणायचं आणि लांब राहायचं.

माझं माहेर भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतलं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आई आणि आम्ही तिघी बहिणी. एकेकीने बाजूला बसायचं म्हटलं असतं तर घरात कायम कुणीतरी दाराबाहेरच दिसलं असतं, त्यामुळे आईने तो प्रकार कधी सुरूच केला नाही. लग्न होऊन आले आणि पहिल्याच महिन्यात ओट्यालगतच्या खोलीत माझं वेगळं ताट, वेगळा तांब्या आणि वेगळी चटई मांडलेली पाहिली. मी रडले वगैरे नाही. मला राग आला, आणि तो मी गिळला. नवीन सुनेला दुसरं काय येतं?

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले. चुलीशी, गॅसशी उभं राहणं जमेना. तेव्हा एक दिवस त्यांनीच जाहीर केलं, की आता काळ बदललाय, स्वयंपाकघरात चालतं. त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्याबरोबर आमचं स्वयंपाकघर विटाळातून सुटलं. भाकऱ्या चार दिवस माझ्याच हातच्या, पाणी माझ्याच हातचं, मुलीचा डबा माझ्याच हातचा. बंदी उरली ती फक्त देव्हाऱ्यापुरती. नेमका तिथे राऊटर.

मी घरून काम करते. एका कंपनीकडे दवाखान्यांची बिलं येतात, ती विम्यात बसतात की नाही हे आम्ही तपासतो. सगळं नेटवर. एखादं बिल अर्धं तपासून झालं आणि नेट गेलं की ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि तिकडे वरिष्ठांच्या पडद्यावर दिसतं की बाई गायब आहे. मोबाइलच्या नेटवर चालवावं म्हटलं तर आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ओट्यावर एक काडी येते, तीही कुणी म्हैस आडवी आणली की जाते. कंपनीचं ऑफिस महाप्याला. सहा सीटरने नेरळ, तिथून ठाणे, तिथून पुढे पुन्हा गाडी. मी वर्षभर केलंय ते. पोरगी झाल्यावर ते शक्य नव्हतं आणि घरात कुणाला ते नकोच होतं. म्हणजे ऑफिसला बोलावलं की नोकरी संपली, हे मला ठाऊक होतं. मला ही नोकरी हवी होती. घरखर्चाला हातभार वगैरे लोक म्हणतात तसं नाही. मला ती माझ्यासाठी हवी होती. दिवसाचे काही तास मी त्या घरातली सून नसायचे, एवढं मला पुरेसं होतं.

तर राऊटर म्हातारा व्हायला लागला. आधी त्याचा पांढरा रंग जाऊन तो तुपकट पिवळा झाला. मग एक अँटेना मान टाकायला लागली, तिला सासूबाईंनी पूजेच्या लाल दोऱ्याने बांधून उभं केलं. मग तो मधेच थबकायचा. दिवे सगळे लागलेले, पण नेटचा हिरवा तेवढा विझलेला. यावर उपाय एकच, खटका बंद करायचा, जरा थांबायचं आणि पुन्हा चालू करायचा. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज. एरवी मी पळत जाऊन करायचे. चार दिवसांत मात्र मला हाक मारावी लागायची.

ती हाक मारणं म्हणजे काय, हे पुरुषांना कळणार नाही. आंघोळ करून, चांगली साडी नेसून, लॅपटॉपसमोर बसलेली मी दारातून ओरडणार, "आई, जरा नेटचं बटन." म्हणजे ओट्यावर कुणी दळण घेऊन आलेलं असलं, कुणी दूध न्यायला आलेलं असलं, तरी त्यांना कळलं, सून बाहेरची आहे. गावात माझी तारीख पंचांगात छापल्यासारखी सगळ्यांना माहीत झाली. आणि सासूबाई काय लगेच उठायच्या नाहीत. जप चालू असला तर माळ संपल्यावर. भाजी निवडत असल्या तर जुडी संपल्यावर. कधी म्हणायच्या, येईल आपोआप, देवाच्या वरचा हाय तो. तोवर तिकडे माझं नाव लाल झालेलं असायचं.

आणि नवरा? तो खोपोलीला कारखान्यात. रात्रपाळी करून तिथल्याच शिळफाट्याला मिसळ खाऊन यायचा, तेलकट हात, दोन दिवसांची दाढी, पायात मोजे, आणि त्याच अवतारात फळीपर्यंत हात नेऊन खटका दाबायचा. त्याला कुणी अडवलं नाही. आंघोळ करून, केस धुऊन लांब उभी असलेली मी अपवित्र आणि तो पवित्र. हे मी एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, आईचं वय झालंय." हे वाक्य त्याने इतक्यांदा वापरलंय की माझं वय झालं तरी ते झिजणार नाही.

मग मी ठरवलं की रोगच शोधून काढायचा. केबलवाला नवा डबा देतो म्हणत होता, आला की देतो. त्याची लाइन त्याच्याच डब्यावर चालते, बाहेरून आणलेला चालत नाही, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघण्याखेरीज इलाज नव्हता. मी नवऱ्याला सांगून शिळफाट्याहून नवा अ‍ॅडॉप्टर आणवला. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. मग सेटिंगमध्ये शिरून वायफायचं चॅनल बदललं, कारण शेजारच्या दोन घरांतले राऊटर त्याच चॅनलवर होते. त्याने वेग जरा सुधारला, पण थबकणं तसंच. मग एकदा माझ्या चार दिवसांत नवऱ्याच्या अंगात मदत करायची हौस आली. मागे बारीक भोक आहे, त्यात सेफ्टी पिन घालून त्याने दाबून धरलं. राऊटर कोरा झाला. केबलवाल्याने दिलेलं सगळं पुसलं गेलं, तो येऊन पुन्हा भरेपर्यंत माझा दिवस बुडाला. नवरा म्हणाला, मला वाटलं ते जोरात रिस्टार्टचं आहे.

शेवटी मी खूण धरली. नेट जातं कधी? सकाळी पूजा झाली की तास-दोन तासांत, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर. दुपारी सहसा जात नाही. एका सकाळी आंघोळ करून, केस ओले, कुंकू लावून, म्हणजे पूर्ण परवाना घेऊन मी फळीवर हात ठेवला. चटका बसला. खाली निरांजन आणि समई, त्याच्या बाजूला धूप, आणि हे सगळं ऊन-ऊन वर जाऊन त्या डब्याच्या पोटात शिरत होतं. मी तो उतरवला आणि स्क्रू काढून उघडला. आत काजळीचा थर, तेलकट हळद, पाच-सहा अक्षता आणि झेंडूची वाळलेली पाकळी. हवा जायच्या जाळ्या कुंकवाने बुजलेल्या. आमची भक्ती त्याच्या छातीत साचली होती. मी जुन्या ब्रशने जमेल तेवढं साफ केलं, पाकळी बाहेर काढली आणि सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती डोळ्यांना लावली.

त्या दिवशी मी नीट सांगितलं. भांडून नाही, नीट. म्हटलं, आई, याला इथून हलवू या, धूर आणि उष्णता याला सोसत नाही, खिडकीजवळ ठेवू. त्या म्हणाल्या, देवाजवळ बसवलेली वस्तू हलवायची नसते, घराला लागतं. नवरा तिथेच जेवत होता. त्याने भातावर आमटी घेतली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. नंतर खोलीत म्हणाला, तू पण काय, थोडं सांभाळून घे.

सांभाळून घ्यायची युक्ती मीच काढली. नेरळहून लांब वायरचा एक बोर्ड आणला, त्याचा खटका वायरच्या मधे होता. बोर्ड देव्हाऱ्याच्या फळीवर, वायर भिंतीच्या कडेकडेने माझ्या खोलीत, आणि खटका माझ्या टेबलाखाली. देव्हाऱ्याजवळ न जाता, कुणाला हाक न मारता मला राऊटर बंद-चालू करता यायला लागला. नवऱ्याने स्वतः लावून दिला तो बोर्ड. इतकं हलकं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं. दोन महिने मी राणीसारखं काम केलं.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की भिंतीतला जुना प्लग ढिला झाला होता म्हणून नवऱ्याने देवाचा लाल बल्बही त्याच बोर्डावर घेतला होता. मला सांगायचं राहून गेलं म्हणे. माझ्या खोलीतून देव्हारा दिसत नाही. मी खटका दाबला की राऊटरबरोबर देवाचा दिवाही जायचा आणि यायचा. सासूबाईंना वाटायचं, लाइटवाल्यांचं काहीतरी असेल. एका सकाळी त्या जपाला बसलेल्या असताना दिवा गेला, पण डोक्यावरचा पंखा फिरत राहिला. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, वायरकडे पाहिलं आणि वायरच्या कडेकडेने भिंत धरत माझ्या खोलीच्या दारात आल्या. माझा पाय टेबलाखाली खटक्यावर होता. पायानेच दाबायचे मी तो, वाकायला नको म्हणून. आणि माझा दुसरा दिवस होता.

"देवाचा दिवा तू पायानं इझवतेस?" त्या म्हणाल्या. "तेबी असल्या दिवसांत?"

मला खरंच माहीत नव्हतं, हे मी सांगितलं. नवऱ्याने आल्यावर तेही सांगितलं, की बल्ब त्यानेच जोडला. म्हणजे सांगितलं, पण असं, की कुणाचंच लक्ष जाऊ नये. सासूबाई दोन वेळा जेवल्या नाहीत. बोर्ड निघाला, वायर गुंडाळून माळ्यावर गेली, बल्ब आणि राऊटर पुन्हा भिंतीतल्या प्लगवर आले. मी पुन्हा दारात येऊन हाक मारायला लागले आणि आता उठायला त्यांना आधीपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला.

पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या टीमच्या मॅडमचा फोन आला. बाई वाईट नाही. तिने स्पष्ट सांगितलं, की घरून काम करणाऱ्यांची छाननी चाललीय, गणपतीपर्यंत सगळ्यांचं बघणार, ज्यांचं नेट सारखं जातं त्यांना ऑफिसला बोलावणार. माझं नाव त्यांच्यात पहिलं होतं. मी फोन ठेवला. मग मी ठरवलं, की यापुढे कावळा मला शिवणार नाही.

एवढंच केलं मी. सांगायचं बंद केलं. त्या महिन्यात दिवस आले तेव्हा गप्प राहिले, सकाळी उठून आंघोळ केली, नेट गेलं तेव्हा मधल्या खोलीत गेले, फळीवर हात नेला आणि खटका बंद करून चालू केला. समोर देव होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. संध्याकाळी दिवाही मीच लावला, कारण नाही लावला तर कळलं असतं. काही झालं नाही. घराला लागलं नाही, ताप आला नाही, गाय आटली नाही. कुणी मला विचारलं, तुला काही वाटलं नाही का, तर वाटलं. इतकी वर्षं उगाच लांब उभी राहिले, याचा संताप वाटला.

दुसरा महिनाही तसाच गेला. आणि मग सासूबाई वेगळ्या वागायला लागल्या. पाण्याचा हंडा मी उचलला तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे गं. माझ्या ताटात सुकटीची चटणी जास्त पडायला लागली. एकदा चिंच पुढे केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, दिव्याचं विसरल्या, राग गेला. मी इतकी मूर्ख, की मला बरं वाटलं. मग एका दुपारी त्यांनी पेटीतली आपली जुनी मऊ लुगडी काढली आणि ओट्यावर पाय पसरून गोधडी शिवायला बसल्या. लहान गोधडी. दोन हात लांब, तेवढीच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. त्या माझे दिवस मोजत होत्या, आणि त्यांच्या मोजणीप्रमाणे माझे दिवस गेले होते.

आम्हाला दुसरं मूल नको होतं. ते आम्ही दोघांनी मुलगी दोन वर्षांची असतानाच ठरवलं होतं, आणि आईला मी सांगतो असं नवरा म्हणाला होता. मुलगी आता तिसरीत आहे.

त्याच आठवड्यात नेट गेलं आणि मी उठले, तर सासूबाई आडव्या आल्या. "वर हात करू नको," त्या म्हणाल्या, "मी करते." आणि गेल्या. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत, पण गेल्या. त्या दिवसापासून नेट जायची खोटी, सासूबाई उभ्या. जपाची माळ अर्धी टाकून, दुधाखालचा गॅस बारीक करून, पावसात ओट्यावर बसलेल्या असल्या तर ओल्या पायांनी. मी हाक मारायच्या आत त्यांना हिरवा दिवा विझलेला दिसायचा. त्या तिथे मधल्या खोलीतच पाट टाकून गोधडी शिवत बसायच्या, एक डोळा सुईवर आणि एक राऊटरवर. धूपही त्यांनी बंद केला, धुराने मला मळमळेल म्हणून. निरांजन खाली पाटावर आणलं. मी दोन वर्षं घसा कोरडा करून जे मागत होते ते सगळं मला मिळालं, आणि एका शब्दाने न मागता मिळालं.

मी गप्प राहिले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. मग लॉग-इन करायचे, आणि दिवसभर माझं नाव हिरवं राहायचं. नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुमच्या आईचा गैरसमज झालाय, तुम्ही सांगा, तुमची आई आहे. तो म्हणाला, बघतो. सासूबाईंनी त्याला हिला दिवस गेलेत का असं हळूच विचारलंही होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनाही तो म्हणाला होता, बघू. गोधडी त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होती आणि तो तिच्यावरून पाय टाकून रात्रपाळीला जात होता.

गणपती येऊन गेले. मॅडमचा निरोप आला, की माझं घरून काम चालू राहील, गेल्या दोन महिन्यांत माझं नेट टीममध्ये सगळ्यांत चांगलं होतं. त्या संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी विषय काढला. तिसरा लागलाय, आता कर्जतच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू, मी येते बरोबर, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने ताटात मान घातली. मी वाट पाहिली. खरंच पाहिली, त्याचा घास गिळून होईपर्यंत. मग मी सांगितलं, "आई, काही नाही. मी दर महिन्याला बाहेरची होत होते. सांगत नव्हते."

त्यांनी हातातली भाजीची पळी भांड्यात ठेवली. देवाला शिवलीस का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दिवा लावलास? लावला म्हटलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुलाकडे बघत होत्या.

"तुला म्हाईत होतं?"

"मला वाटलं, ही सांगेल," तो म्हणाला.

"दुसरं पोर नको, हे कवा ठरलं तुमचं?"

तो भात कालवत राहिला. मी सांगितलं, पाच-सहा वर्षं झाली. सासूबाईंनी ताट सारलं. मुलगी तेवढी भात खात होती. मग त्या मुलाला म्हणाल्या, "तो डबा काढ तिथून. खिडकीत लाव."

"आता? वायर पुरायची नाय, आई."

"पुरंल. फळीमागं वेटोळं हाय. मी रोज पुसते तिथं."

होतं खरंच. केबलवाल्याने जास्तीची वायर तोडायचा कंटाळा करून मागे गुंडाळून ठेवली होती, खिडकीपर्यंत जाऊन वर उरली. घराला लागायची भीती त्या संध्याकाळी कुणाला आठवली नाही, मी शिवल्यावर तो डबा तिथे ठेवण्यासारखा राहिलाच नव्हता. नवऱ्याने दोन खिळे मारले आणि तो खिडकीत लावला. हात धुऊन यायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम झालं. दुसऱ्या दिवशी गोमूत्र आलं, देव चिंचेने घासले गेले, फळी धुतली गेली, मधली खोली सारवल्यासारखी पुसून निघाली. माझे चार दिवस पुन्हा सुरू झाले. राऊटर तोच जुना, पिवळा, लाल दोरा बांधलेला. खिडकीत वारा लागतो. तिथे गेल्यापासून तो एकदाही थबकलेला नाही.

गोधडी सासूबाईंनी उसवली नाही आणि पुरीही केली नाही, पेटीत ठेवून दिली. त्यानंतर काही दिवसांनी मी काम करत असताना त्या माझ्या खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. गुडघ्यांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी धावले मी. कुनासाठी धावले?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी, आई. माझी नोकरी राहिली त्याने."

"तुज्यासाठी नसते धावले," त्या म्हणाल्या.

हे मला ठाऊक होतंच. पण त्या घरात इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर कुणी काही खरं बोललं असेल तर ते एवढंच. मला लागलं, फार लागलं. तरी मी लॅपटॉप बाजूला करून त्यांच्या गुडघ्यांना तेल लावलं, आणि त्यांनी लावू दिलं. तेव्हापासून आम्ही दोघी बोलतो. भाजी काय करायची, पोरीला ताप आहे का, पाऊस लांबला, असलंच. फार गोड नाही, पण बोलतो.

परवा नवरा रात्रपाळीहून आला, चहा घेतला आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाला, की तू एकदा आईची माफी मागून टाक, महिना झाला घरात ती कशी गप्प-गप्प आहे, तुझ्यावरचा राग काही जात नाही तिचा. मी त्याचा रिकामा कप उचलला. आई दिवसभर माझ्याशी बोलत असते. ती त्याच्याशी बोलत नाही, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.